सभागृहातला जुना पायऑर्गन दुरुस्त करताना: आधी हवा, सूर सगळ्यांत शेवटी

संगीत नाटकाच्या साथीसाठी कधीकाळी घेतलेले पायऑर्गन जुन्या सभागृहांच्या विंगेत किंवा ग्रंथालयांच्या अडगळीत अजूनही कुठे कुठे सापडतात. संस्थेचे मंडळ दुरुस्तीचा ठराव करते आणि काम हमखास उलट्या टोकाने सुरू होते. आधी पॉलिशवाला येतो, मग पेटी दुरुस्त करणारा सूर लावून जातो आणि शेवटी कोणाच्या तरी लक्षात येते की भाता हवाच धरत नाही. रीडचा (हवेने कंप पावून स्वर देणाऱ्या पितळी भागाचा) स्वर आणि तिच्यातून जाणाऱ्या हवेचा जोर यांचा संबंध असल्यामुळे गळक्या भात्यावर लावलेले सूर भाता दुरुस्त झाल्यावर जागेवर राहत नाहीत. मग तेच काम पुन्हा करावे लागते आणि सूर लावताना रीडवर दुसऱ्यांदा कानस फिरली की तिचे पितळ आणखी झिजते.

येथे दिलेला क्रम हवा आत ओढणाऱ्या, म्हणजे बहुतेक अमेरिकन बांधणीच्या ऑर्गनसाठी आहे, आणि हंगामाच्या सूचना नाशिकच्या हवेला धरून आहेत. हार्मोनियमचा भाता हवा रीडमधून बाहेर ढकलतो, तर या ऑर्गनमध्ये पायडल मारल्यावर आतली हवा काढून घेतली जाते आणि बाहेरची हवा रीडमधून आत खेचली जाते. हार्मोनियमच्या हातसवयीने यावर काम केले तर झडपा उलट्या बसवण्यापासून चुका सुरू होतात.

काम हाती घेण्यापूर्वी

सार्वजनिक संस्थेची वस्तू असल्यामुळे पहिले काम कागदाचे आहे. ऑर्गनची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) आहे का, हे पाहावे आणि नसेल तर ती आधी करून घ्यावी. वाद्याच्या मागच्या बाजूला रंगाने घातलेला नोंद क्रमांक, कारखान्याचा छापील कागद, आत पेन्सिलीने लिहिलेले आकडे आणि जुन्या कारागिरांच्या खुणा यांतले काहीही घासून किंवा रंगवून टाकायचे नाही, ही अट कामाच्या आदेशातच असावी. काढलेला प्रत्येक जुना भाग, मग तो कुजलेला चामड्याचा तुकडा का असेना, पिशवीत चिठ्ठी घालून संस्थेला परत द्यायचा, ही दुसरी अट. पुढच्या दुरुस्तीत जाडी आणि माप याच तुकड्यांवरून कळते.

हंगाम निवडणे नाशिकमध्ये फार महत्त्वाचे आहे. दिवाळीनंतर काम सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवावे. पावसाळ्यात लाकूड फुगलेले असते आणि तेव्हा तासून सैल केलेला भाग उन्हाळ्यात खुळखुळतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फळ्या आक्रसून भेगा रुंदावतात. त्या तेव्हाच लांबीने (पुटीने) भरल्या, तर जुलैत फुगणाऱ्या फळीला जागा उरत नाही आणि ती दुसरीकडे तडकते. हिवाळ्यात अडचण एकच आहे, ती म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी गरम सरस (लाकूड चिकटवायचा पारंपरिक डिंक) ब्रशवरच थिजू लागतो. त्यामुळे चिकटवण्याचे काम ऊन वर आल्यावर, दोन्ही पृष्ठभाग किंचित कोमट करून मगच करावे.

सभागृह गोदाकाठच्या जुन्या वस्तीत असेल, तर ऑर्गन एका कुशीवर कलवून बुडाची फळी जरूर पाहावी. २००८ आणि २०१६ च्या पुरांत सराफ बाजार आणि भांडी बाजाराच्या परिसरात पाणी शिरले होते. वाद्य पुरात उभे राहिले असेल, तर आतल्या बाजूला गाळाची फिकट रेघ सापडते. या रेघेखालचे सगळे सांधे सरस विरघळून सुटलेले आहेत, असे गृहीत धरूनच अंदाजपत्रक करावे.

काम करण्याची खोली कुलूप लागणारी हवी. रंगमंचावर किंवा विंगेत सुटे भाग मांडून ठेवले, तर पुढच्या प्रयोगाच्या गडबडीत ते हलवले जातात आणि एकदा क्रम गेला की तो परत मिळत नाही.

टप्पा १ : पायडल न मारता तपासणी

सभागृहात ऑर्गन दिसला की प्रत्येकाचा पाय आपोआप पायडलवर जातो. तेच टाळायचे आहे. वाळून कडक झालेले भात्याचे कापड एका दाबात घडीवर फाटते, आणि त्याबरोबर नव्या कापडासाठी लागणारे मापही जाते.

आधी मागची फळी काढून विजेरीने आत पाहावे. उंदराचे घरटे, वाळवीची माती, लाकडाचे बारीक पीठ पाडणारा कीडा आणि बनातीला लागलेली कसर या चार गोष्टींची वेगवेगळी नोंद करावी, कारण चारही गोष्टींवरचे उपाय वेगळे आहेत. नंतर समोरून, मागून, वरून आणि प्रत्येक जोडणीचे जवळून छायाचित्र घ्यावे. स्टॉपच्या (रीड्सचा कोणता संच वाजावा हे ठरवणाऱ्या) खुंट्यांवरची नावे डावीकडून उजवीकडे लिहून काढावीत आणि प्रत्येक खुंटी ओढल्यावर आत कोणती तार किंवा दांडी हलते, तेही त्यासमोर लिहावे. गुडघ्याने ढकलायच्या पट्ट्या कशाशी जोडल्या आहेत, हेदेखील याच वेळी नोंदवावे. त्यांच्या तारा नंतर हमखास उलटसुलट बसतात.

तपासणी: काही न उकलता, फक्त या नोंदींवरून दुसऱ्या माणसाला ऑर्गनचा आतला आराखडा काढता आला पाहिजे. येत नसेल, तर नोंदी अपुऱ्या आहेत.

टप्पा २ : उकलणे

वरची पेटी म्हणजे कवच, मधला भाग म्हणजे वाजवायच्या पट्ट्या, झडपा आणि रीडबोर्ड (रीड्स बसवलेली फळी), आणि खालचा भाग म्हणजे भाते. याच क्रमाने वरून खाली यावे. मधला भाग उचलण्यापूर्वी स्टॉपच्या दांड्या, गुडघ्याच्या पट्ट्यांच्या तारा आणि पायडलचे पट्टे सोडवावेत. तरीही तो हलला नाही, तर जोर न लावता राहिलेला स्क्रू शोधावा; पट्ट्यांच्या पुढच्या लाकडी पट्टीखाली किंवा मधल्या फळीच्या खालच्या अंगाला एखादा दडलेला असतो. स्क्रू एकाच डब्यात टाकू नयेत. पुठ्ठ्यावर त्या भागाची आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी टोचून ठेवावा. जुन्या स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला, तर तो थेट हवेच्या कोठीत निघतो.

सावधान: साठ्याच्या भात्यात (हवेची ओढ सारखी ठेवणाऱ्या मोठ्या भात्यात) आणि पंपाच्या, म्हणजे पायडलच्या, भात्यांवर जाड पोलादी स्प्रिंगा दाबलेल्या अवस्थेत असतात. कापड कापण्यापूर्वी फळ्या दोरीने आवळून किंवा क्लॅम्प लावून धराव्यात आणि स्प्रिंग सोडताना चेहरा बाजूला ठेवावा. हे काम एकट्याने करू नये.

टप्पा ३ : साफसफाई

धूळ ब्रशने सैल करून व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीने ओढावी. फुंकर किंवा ब्लोअर वापरला, तर तीच धूळ रीडखाली जाऊन बसते. उंदरांनी घाण केलेला भाग असेल, तर मास्क आणि हातमोजे घालून आधी तो ओलसर फडक्याने पुसावा. कसर लागलेली बनात धुऊन पुन्हा वापरण्यात अर्थ नाही, ती बदलावी. कीडनाशक फक्त कवचाच्या आणि बुडाच्या लाकडाला लावावे. रीडबोर्डवर रॉकेल ओतण्याची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी चालते, पण त्या तेलावर धूळ धरते आणि सरस व कातडे दोन्ही खराब होतात.

टप्पा ४ : भाते

साठ टक्के यश या टप्प्यावर आहे, असे माझे मत आहे, आणि घाईही याच टप्प्यावर सर्वाधिक होते.

जुने कापड काढण्यापूर्वी भाता पूर्ण उघडल्यावर दोन फळ्यांमधले अंतर किती होते, ते बिजागरीपासून दूरच्या टोकाला मोजून ठेवावे. कापड याहून रुंद पडले, तर फळी कवचाला आपटते, आणि अरुंद पडले तर पायडल अर्ध्यातच अडते. कापड गरम ओल्या फडक्याने सैल करून शक्यतो अखंड काढावे, सपाट पसरून त्यावरून कागदी नमुना कापावा आणि आतल्या बाजूला चिकटवलेले पुठ्ठे कुठे होते, हे त्यावर आखून घ्यावे. या पुठ्ठ्यांमुळेच कापड आतल्या बाजूला नीट घडी घेते. ते वगळले, तर काही महिन्यांत कापड कोपऱ्यांवर चुरगळून झिजते.

नवे कापड दाट विणीचे, रबराचा थर दिलेले सुती कापड हवे. पायडलच्या भात्यांना जरा जाड आणि साठ्याच्या भात्याला पातळ, लवचीक कापड घ्यावे. रेक्झिन आणि ताडपत्री दोन्ही टाळावीत. ती हवा धरतात, पण घडीवर ताठ राहतात आणि वाजवणाऱ्याचे पाय दहा मिनिटांत दुखू लागतात.

कापड चढवण्यापूर्वी आतल्या चामडी झडपा बदलणे ही या टप्प्यातली सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट आहे. पायडलच्या प्रत्येक भात्याला दोन ठिकाणी भोके असतात, आणि त्यांच्यावर मऊ कातड्याच्या पट्ट्या ताणून लावलेल्या असतात: एक पट्टी साठ्याकडून हवा येऊ देते, दुसरी ती बाहेर सोडते. पहिली पट्टी भात्याच्या पोटात असते, त्यामुळे कापड बंद झाले की तिच्यापर्यंत हात पोहोचत नाही. कातडे वाळून कडा वळल्या असतील, तर वरून कितीही नवे कापड लावले तरी पायडल मारलेली हवा परत जाते. नवी पट्टी मऊ मेंढीच्या कातड्याची घ्यावी, तिची लवदार बाजू लाकडाकडे ठेवावी आणि ती दोन टोकांना हलक्या ताणाने बसवावी. जास्त ताणली तर ती उघडत नाही, सैल राहिली तर फडफडते.

चिकटवण्यासाठी सरसच वापरावा. दाणे रात्रभर गार पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून साधारण ६० अंशांपर्यंत तापवावेत. उकळी आली की सरसाची पकड जाते. फेव्हिकॉल सोयीचे वाटते, पण त्याने जोडलेला सांधा पुढच्या कारागिराला गरम पाण्याने उघडता येत नाही, तो फोडावा लागतो. पायडलच्या तुटलेल्या पट्ट्यांच्या जागी न ताणणारी चांगल्या विणीची सुती निवार पुरते.

साठ्याच्या भात्याला एक सुरक्षा झडप असते. भाता पूर्ण मिटला की ती आपोआप उघडते आणि हवेची ओढ ठरावीक मर्यादेपुढे जाऊ देत नाही. गळते म्हणून ही झडप कायमची बंद केल्याची उदाहरणे दिसतात. अशा ऑर्गनवर कोणी जोरात पायडल मारले, तर बारीक रीड्सवर नको इतका ताण येतो. झडपेचे कातडे बदलावे, झडप बंद करू नये.

तपासणी: सरस पूर्ण वाळल्यावर वरची भोके टेपने बंद करून पायडलने साठ्याचा भाता पूर्ण मिटवावा आणि पाय काढून घड्याळ पाहावे. तो पुन्हा उघडायला अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर पुढे जावे. दहा सेकंदांच्या आत उघडला, तर गळती शोधावी आणि ती सापडेपर्यंत रीडला हात लावू नये.

टप्पा ५ : झडपा आणि पट्ट्या

प्रत्येक पट्टीखाली एक लाकडी काडी आणि तिच्याखाली एक झडप असते. पट्टी दाबली की काडी झडपेला खाली ढकलते. न दाबता वाजत राहणारा स्वर म्हणजे झडपेवर धूळ बसली, तिची स्प्रिंग सुटली किंवा काडी भोकात अडकली, एवढाच अर्थ बहुतेक वेळा असतो. काडी पावसाळ्यात अडकली असेल, तर तिला पॉलिश पेपर मारू नये. कोरड्या दिवसांत पाहून, तरीही अडकत असेल तरच अगदी हलका हात फिरवावा आणि शिसपेन्सिलीची पूड लावावी. तेल कधीही लावू नये, त्याने लाकूड फुगते.

झडपांचे कातडे एकसारखे दबते का, हे पाहण्याची सोपी रीत अशी: रात्री दिवे बंद करून झडपांच्या एका बाजूला विजेरी धरावी आणि दुसऱ्या बाजूने पाहावे. जिथे उजेडाची बारीक रेघ दिसते, तिथे गळती आहे.

पट्ट्यांच्या वरचा पांढरा थर कशाचा आहे, ते आधी ओळखावे. अंगठ्याने जोरात चोळल्यावर कापरासारखा वास आला, तर तो सेल्युलॉइडचा आहे. तो चटकन पेट घेतो आणि ॲसिटोनमध्ये विरघळतो, म्हणून त्याच्याजवळ हीटगन किंवा नेलपॉलिश काढायचे द्रव आणू नये. वास नसेल आणि लाकडासारख्या बारीक, अनियमित रेषा असतील, तर हस्तिदंताची शक्यता धरावी. तुटलेल्या तुकड्याच्या जागी नवा हस्तिदंत शोधत बसू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्याच्या व्यापाराला बंदी आहे. त्या जागी रंगाला जुळणारा प्लॅस्टिकचा तुकडा लावून नोंद ठेवावी.

टप्पा ६ : रीड्स काढणे आणि धुणे

पाच सप्तकांच्या ऑर्गनला ६१ पट्ट्या असतात आणि रीड्सचे दोन संच असले, तर १२२ रीड्स हाताळायच्या असतात. प्रत्येकीच्या मागच्या टोकाला खाच असते. त्या खाचेत अडकवायचा आकडा पोलादी पट्टीपासून घरीही करता येतो. पकडीने ओढू नये, पितळी चौकट वाकते. लाकडी फळीवर संचाप्रमाणे आणि क्रमाने खाचा पाडून काढलेली प्रत्येक रीड लगेच तिच्या खाचेत ठेवावी. रीडवर स्वराचे अक्षर ठोकलेले असते, पण दोन संचांतल्या रीड्सवर तीच अक्षरे असतात, म्हणून अक्षरावर विसंबू नये.

न वाजणारी रीड बहुतेक वेळा तुटलेली नसते, तिच्या जिभेखाली, म्हणजे चौकटीवर एका टोकाला रिवेटने बसवलेल्या कंप पावणाऱ्या पातळ पात्याखाली, धुळीचा कण असतो. आधी मऊ ब्रश रिवेटकडून टोकाकडे फिरवावा. उलट दिशेने फिरवला, तर जीभ उचलली जाऊन वाकते. एवढ्याने भागले नाही, तर कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून रीड बुडवावी, नंतर बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याने विसळून लगेच वाळवावी. बोअरच्या जड पाण्याने विसळले, तर वाळल्यावर क्षार उरतात, आणि टोकावर बसलेला क्षार स्वर उतरवतो.

सावधान: देव्हाऱ्यातली पितळी भांडी चिंचेने लखलखीत होतात, म्हणून रीड्सही चिंच, लिंबू किंवा भांडी उजळायच्या पावडरीने घासल्या जातात. आम्लाने पितळाचा पृष्ठभाग खाल्ला जातो, जीभ पातळ होते आणि सगळा संच बेसूर होतो. काळपट रीड चालते, तिला चमक येण्याची गरज नाही.

सरळ, सपाट दिसणाऱ्या जिभा चांगल्या आणि पिळलेल्या किंवा बाकदार जिभा वाईट, असा समज करून त्या सपाट करण्याचा प्रकारही होतो. हा पीळ आणि बाक कारखान्यातच दिलेला असतो, त्या स्टॉपचा आवाज त्यावरून ठरतो. त्याला हात लावू नये.

टप्पा ७ : सूर लावणे

सगळ्या रीड्स आपापल्या घरात पूर्ण आत सरकवल्यावर ऑर्गन रोज थोडा वेळ वाजवून निदान आठवडाभर तसाच ठेवावा. बरेच स्वर या काळात स्वतःच जागेवर येतात.

त्यानंतर पहिला प्रश्न आधारस्वराचा. गायकाला आजच्या ४४० शी (इंग्रजी ‘ए’ स्वराच्या सेकंदाला ४४० कंपनांशी) जुळणारा ऑर्गन हवा असतो, पण जुने ऑर्गन ४३५ किंवा त्याहून वेगळ्या आधारावर लावलेले असू शकतात. मधल्या सप्तकातल्या दहा-बारा रीड्स मोजून सरासरी कुठे येते, ते पाहावे आणि त्याच पातळीला उरलेल्या जुळवाव्यात. सगळा संच ४४० वर ओढायचा, तर प्रत्येक जीभ घासावी लागते आणि ते परत करता येत नाही. सभागृहासाठी जुना आधार कायम ठेवून इतर साथीदारांनी त्याला जुळवून घेणे, हाच माझ्या मते योग्य मार्ग आहे.

स्वर चढवायचा असेल, तर जिभेच्या टोकाकडचे पितळ अगदी किंचित खरवडायचे, उतरवायचा असेल तर रिवेटजवळचे. खरवडताना जिभेखाली गॅरेजमध्ये मिळणाऱ्या फीलर गेजचे सर्वांत पातळ पाते सरकवून आधार द्यावा, नाहीतर जीभ दबते. हाताच्या उबेने पितळ गरम होऊन स्वर उतरतो, म्हणून रीड पुन्हा घरात बसवून दोन-तीन मिनिटांनी ऐकावी. हातात धरून तोंडाने वाजवलेल्या रीडवरून निर्णय घेऊ नये. तिचा स्वर घरातल्या स्वरापेक्षा वेगळा येतो.

सावधान: सेलेस्ट नावाचा स्टॉप असेल, तर त्याचा एक संच दुसऱ्यापेक्षा मुद्दाम किंचित वेगळा लावलेला असतो आणि दोन्ही एकत्र वाजल्यावर आवाज लहरतो. ती लहर चूक समजून संच जुळवला, तर तो स्टॉप निकामी होतो. नाव पाहूनच कानस उचलावी.

रीड खरोखर तुटली असेल, तर हार्मोनियमची रीड तिथे ठोकून बसवू नये. मापे जुळत नाहीत आणि ती बसवण्यासाठी घर कोरावे लागते. जीभ नव्याने घालणाऱ्या जाणकाराकडे ती तिच्या शेजारच्या दोन रीड्ससह पाठवावी, म्हणजे त्याला जाडी आणि आवाज दोन्ही कळतात.

टप्पा ८ : सभागृहात परत आणणे

वाजवणारा पायडल मारून थकतो म्हणून मोटर बसवण्याची मागणी होते. मोटर बसवताना मूळ भाग कापायचे नाहीत आणि हवेची ओढ मोजूनच ठरवायची. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात पाणी भरावे, एक टोक रीडच्या रिकाम्या घरात घट्ट बसवावे, तिची पट्टी दाबावी आणि दोन बाजूंच्या पाण्यातला फरक मोजावा. साधारण ३ ते ४ इंच पुरेसे आहे. व्हॅक्यूम क्लीनर थेट जोडला, तर ओढ याच्या कितीतरी पुढे जाते.

जागा निवडताना एसीचा झोत, गळके छत आणि बाहेरची भिंत टाळावी. एसी फक्त प्रयोगापुरता लागणाऱ्या सभागृहात तर ऑर्गन एसीपासून जितका लांब, तितका बरा, कारण दर प्रयोगाला लाकूड थोडे आक्रसते आणि फुगते. बुडाखाली दोन-तीन इंचांचे लाकडी ठोकळे द्यावेत. पायडलच्या फटीतून उंदीर येतो, म्हणून ऑर्गन वापरात नसताना तिथे बारीक जाळीची सुटी चौकट लावावी. पायडल मारताना आतून हवा बाहेर पडते, म्हणून वाजवण्यापूर्वी ही चौकट काढायची, ही सूचना झाकणाच्या आतच चिकटवावी.

कवचावरचे पॉलिश या सगळ्यानंतर, आणि तेही गरज असली तर. बहुतेक वेळा धूळ पुसून, कोरड्या फडक्याने थोडे मेण घासले तरी पुरते.

ऑर्गन आठवड्यातून दोनदा तरी वाजवणारी एक व्यक्ती मंडळाने नेमावी आणि किल्ली तिच्याकडेच ठेवावी. पहिल्या पावसाळ्यात चार-सहा पट्ट्या जड होतील, एखादा स्वर वाजत राहील. त्यांची तारीखवार नोंद करावी, पण दसऱ्यापर्यंत काहीही उकलू नये. ऑक्टोबरच्या कोरड्या हवेतही ज्या अडतील, तेवढ्याच पट्ट्यांसाठी कारागिराला बोलवावे.